भुईमुगाचे वाण आणि किडीची पारख : कोल्हापूरच्या शिवारातली सव्वाशे वर्षं

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की हे व्याख्यान चुकून इतिहासाच्या मालिकेत आलं. भुईमुगाच्या कोणत्या वाणाला कीड कमी लागते, हा प्रश्न कृषी महाविद्यालयाचा. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. पण जुने अहवाल, वाणांच्या याद्या, बंदी आलेल्या औषधांच्या तारखा एकापुढे एक मांडत गेलो, तेव्हा लक्षात आलं की या साध्या प्रश्नालाही इतिहास आहे. कोणत्या काळात हा प्रश्न विचारला गेला, कोणत्या काळात विचारायचा राहिला, आणि राहिला तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली, एवढंच आज सांगायचं आहे.

भुईमूग हा शब्द आपण कागदावर वापरतो. घरात आपण 'शेंगा' म्हणतो. 'शेंगा काढायला गेलेत' म्हटलं की कसल्या शेंगा, असं कोल्हापुरात कोणी विचारत नाही. पाहुण्यापुढे गूळ-शेंगदाणे ठेवायचे, भाजीत कूट घालायचं, घाण्याचं तेल काढायचं, पेंड म्हशीला घालायची. इतकं हे पीक आपल्या अंगवळणी पडलंय की ते परदेशी आहे, हे सांगितलं तर पटत नाही. पण मूळ दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांच्या समुद्री व्यापाराच्या काळात ते इकडे आलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं परसातलं, बांधावरचं, थोडक्या जमिनीतलं पीक म्हणून राहिलं.

ते बाजाराचं पीक झालं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात साबणाचे आणि तेलाचे कारखाने होते, त्यांना स्वस्त तेलबिया हव्या होत्या. मुंबई आणि पाँडिचेरीहून शेंगा निघू लागल्या. मुंबई इलाख्यात या पिकाचा मोठा पट्टा होता सातारा आणि कोल्हापूर संस्थानाचा. 1886 साली छापलेल्या कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये भुईमुगाची पीक म्हणून नोंद आहे. 1891 साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि माल बंदरावर जाणं सोपं झालं.

आणि नेमकं त्याच दशकात पीक कोसळलं.

1890 नंतरच्या वर्षांत मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांत भुईमुगाखालचं क्षेत्र झपाट्यानं घटलं. 1896-97 चा दुष्काळ, प्लेग, मग 1899-1900 चा मोठा दुष्काळ, ही कारणं होतीच. पण पाऊस बरा झाला त्या सालीही शेंगा भरेनात. पानांवर काळे ठिपके पडायचे, पानं गळायची, वेल बोडका व्हायचा. या ठिपक्यांच्या रोगाला आपण 'टिक्का' म्हणतो. इथलाच शब्द, पण पुढे तो जगभरच्या वनस्पतिरोगशास्त्राच्या पुस्तकांत याच नावानं गेला.

टिक्का हा बुरशीचा रोग, कीड नव्हे. मग किडीच्या व्याख्यानात तो कशाला? कारण त्या वेळी हा फरक शिवारात कोणी करत नव्हतं. पान वाळलं म्हणजे वाळलं. ते बुरशीनं, माव्यानं, की पानं गुंडाळणाऱ्या अळीनं, हे वेगळं काढायला बघणारा माणूस लागतो, भिंग लागतं. सरकारी कागदांतही एक ढोबळ निदान फिरत होतं : बी जुनं झालंय, थकलंय, त्याचा कस गेलाय. आणि निदान तसं असेल तर उपायही तसाच : बी बदला.

मद्रासकडे मॉरिशसचं बी आलं. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश, लहान जपानी, मोठी जपानी, व्हर्जिनिया अशी परदेशी बियाणी आणून सरकारी शेतांवर पेरली आणि मग शेतकऱ्यांना वाटली. आपल्या भागातल्या भुईमुगाच्या वाणांची ही पहिली संघटित पारख. ती यशस्वी झाली, यात शंका नाही. क्षेत्र पुन्हा वाढलं.

पण ती का यशस्वी झाली? जुना गावठी भुईमूग पसऱ्या. जमिनीवर लांब पसरणारा, उशिरा तयार होणारा. पावसाळ्यात पेरला की थंडीपर्यंत शेतात. तोवर जमीन घट्ट व्हायची, वेल उपटला तर शेंगा खालीच तुटून राहायच्या, कुदळीनं खणून वेचाव्या लागायच्या. वर कोल्हे, डुकरं, कावळे यांची राखण. स्पॅनिश आणि लहान जपानी या उपट्या जाती. बुडाशी झुपक्यानं शेंगा धरणाऱ्या आणि चार महिन्यांच्या आत निघणाऱ्या. रोग आणि कीड भरात येईपर्यंत यांचं पीक निम्मं पदरात पडलेलं असायचं.

इथे आम्हाला एक फरक नीट सांगायचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्पॅनिश जातीनं रोगाशी किंवा किडीशी सामना केला नव्हता. ती लवकर निघून गेली होती. याला शास्त्रात 'सुटका' म्हणतात, 'प्रतिकार' वेगळा. सुटका झालेल्या पिकाला पेरणी उशिरा झाली, पाऊस लांबला, की काहीच संरक्षण नसतं. 1900 च्या सुमारास आपल्याला सुटका मिळाली आणि आपण तिलाच प्रतिकार समजून पुढची पन्नास वर्षं चाललो.

त्या पन्नास वर्षांत निवड पद्धतीनं वाण तयार झाले. स्पॅनिश बियाण्यातून निवडलेला 'स्पॅनिश इम्प्रूव्हड', आपल्या शेजारचा पसऱ्या 'कराड 4-11', पुढे 1960 च्या दशकातला उपट्या 'एसबी-11'. सातारा, सांगली, कोल्हापुरातल्या वयस्कर शेतकऱ्यांना ही नावं आजही तोंडपाठ आहेत. या वाणांची पारख करताना तक्त्यात रकाने कोणते असत? हेक्टरी उत्पादन, शेंगांतून निघणाऱ्या दाण्यांचा उतारा, तेलाचं प्रमाण, शंभर दाण्यांचं वजन, तयार व्हायचे दिवस. कीड आणि रोग हा रकाना शेवटचा. बऱ्याचदा त्यात आकडा नसे, एखादा शेरा असे.

हे शास्त्रज्ञांच्या निष्काळजीपणामुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. तेलाचं प्रमाण गिरणीला हवं होतं, दाण्याचा आकार व्यापाऱ्याला, उत्पादन सरकारला. कीड कमी लागते हा गुण फक्त शेतकऱ्याच्या कामाचा, आणि तोही कीड येईल त्याच वर्षी. ज्या गुणाला बाजारात भाव नाही त्याचा रकाना शेवटी जातो.

मग आली पावडर. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन दशकांत डीडीटी आणि बीएचसी गावोगाव पोचली. आपल्याकडे ही पावडर फडक्यातून, पोत्यातून झटकून मारायचे. तोंडाला रुमाल, तोही असला तर. पावडर स्वस्त होती आणि किडे डोळ्यांदेखत पडत. असं असताना कमी कीड लागणारा वाण कोण शोधेल? तो शेवटचा रकाना आता कोराच राहू लागला. डीडीटीचा शेतीतला वापर आपल्या देशात बंद झाला 1989 साली, बीएचसीवर बंदी आली 1997 साली, एंडोसल्फान थांबलं 2011 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. म्हणजे जे औषध हाताशी आहे म्हणून आपण वाणाचा विचार सोडला, ते औषध एकेक करून हातातून गेलं. आणि दरम्यान पावडरीनं अळीबरोबर अळी खाणारे मित्रकीटकही मेले होते. तंबाखूची पानं खाणारी अळी, जिला शेतकरी आता सरळ 'स्पोडोप्टेरा' म्हणतात, ती जास्त फवारणीच्या भागांतच जास्त माजते, हा अनुभव दक्षिण भारतात भुईमुगावर काम करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञांनी नोंदवलेला आहे.

याच काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं? 1951 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमधले कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी पिकांच्या कीडप्रतिकारावर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी प्रतिकाराचे तीन प्रकार केले. ते आम्ही आपल्या शब्दांत सांगतो. पहिला 'नावड' : किड्याला ते झाड आवडतच नाही, तो बसत नाही, अंडी घालत नाही. दुसरा 'अपाय' : बसला, खाल्लं, तर त्याला ते बाधतं, वाढ खुंटते, पिल्लं कमी होतात. तिसरा 'सोशिकपणा' : कीड खाते तेवढी खाते, पण झाड ते सोसून शेंगा देतं. आपल्या घरातली माणसं आठवा, तिन्ही प्रकार सापडतील.

भुईमुगात हा शोध नेटानं सुरू झाला तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात. तिथे जमिनीतून शेंगा पोखरणारी एक अळी होती. तिला दाद न देणारं एक वाण 'एनसी एसी 343' या क्रमांकानं जपलेलं होतं. त्याच्या संकरातून 1976 साली 'एनसी 6' हा वाण शेतकऱ्यांना मिळाला. आपल्याकडे हैदराबादजवळ पाटणचेरू इथे 1972 साली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, 1976 साली तिनं भुईमूग हाती घेतला. जगभरातून भुईमुगाचे हजारो नमुने गोळा झाले. 1980 च्या दशकात तिथे हे नमुने तुडतुडे, फुलकिडे, वाळवी, पानं पोखरणारी अळी यांच्यापुढे उभे केले गेले.

निकाल पाहण्यासारखे होते. तो अमेरिकेतला 343 इथे तुडतुड्यांनाही पुरून उरला आणि शेंगांची साल खरवडणाऱ्या वाळवीलाही. 2214, 2232, 2243 अशा क्रमांकांच्या आणखी काही वाणांवर तुडतुडे फारच कमी सापडले. कारण शोधलं तर पानांवरची लव. लांब आणि दाट केस असले की एवढ्याशा किड्याला सोंड पानापर्यंत पोचवता येत नाही. म्हणजे पेंटरचा पहिला प्रकार, नावड. फुलकिड्यांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण ते नुसतं खात नाहीत, शेंडेमर रोगाचा विषाणू या झाडावरून त्या झाडावर नेतात. किडा बसला नाही तर रोगाचाही फैलाव कमी.

पण या वाणांच्या शेंगा आपल्या बाजारात चालण्यासारख्या नव्हत्या. काही उशिरा येणारे, काहींचं उत्पादन कमी. म्हणून संकर करावे लागले. 2214 चं रक्त घेऊन 'आयसीजीव्ही 86031' तयार झाला, तो उत्पादनालाही बरा आणि अनेक किडींना टिकणारा. एका क्रमांकातला गुण दुसऱ्यात उतरवायला दशक जातं, हे इथे लक्षात ठेवायचं.

आता अशी पारख शेतात होते कशी, ते थोडं सांगतो, कारण त्यातच मेख आहे. वीस-पंचवीस वाण घेतात. प्रत्येकाचे तीन वाफे, वेगवेगळ्या जागी, म्हणजे जमिनीच्या चढउताराचा दोष एकाच वाणाच्या वाट्याला येऊ नये. मध्ये मध्ये, कधी कधी थोडा आधीच, हमखास बळी पडणारा एक वाण ओळीनं पेरतात. त्याचं काम एकच, कीड जमवायची. त्याच्यावर माजलेली कीड शेजारच्या ओळींत गेली पाहिजे, नाहीतर परीक्षा झालीच नाही. फवारणी नाही. मग दर आठवड्याला, सकाळी लवकर, किडे सुस्त असताना, प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं धरायची आणि शेंड्याकडच्या तीन पानांवरचे तुडतुडे, फुलकिडे, मावा मोजायचे. अळीसाठी किती टक्के पानं खाल्ली त्याचा अंदाज. शेवटी शेंगांचं वजन. शक्य असेल तर त्याच वाणाचे काही वाफे फवारून ठेवायचे. फवारलेल्या आणि न फवारलेल्या वाफ्यांच्या उत्पादनातला फरक कमी असेल तर तो वाण सोशिक.

हे काम किचकट आहे, कंटाळवाणं आहे, आणि दोन-तीन हंगाम केल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एखाद्या साली पाऊस जोराचा झाला, मावा धुऊन गेला, की सगळेच वाण 'प्रतिकारक' दिसतात.

आणि पावसाचं म्हणाल तर आपला जिल्हा म्हणजे एक अजब प्रकार आहे. पश्चिमेला गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. मध्ये फार तर काही तासांचा एसटीचा प्रवास. पश्चिमेच्या दमट हवेत टिक्का आणि तांबेरा जोर करणार, पूर्वेला पावसानं ओढ दिली की पानं गुंडाळणारी अळी आणि तुडतुडे. शेंडा पार्कातल्या संशोधन केंद्रावर एखादा वाण उत्तम ठरला तरी तो शाहूवाडी आणि शिरोळ या दोन्हीकडे उत्तम ठरेल, असं कोणताही शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगणार नाही. वाणाचा गुण हा त्या जागेच्या परीक्षेतला गुण असतो.

आणखी एक खरं सांगायला हवं. हुमणी. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. त्यांची पिल्लं पावसाळाभर मुळं खातात. उसाचं नुकसान आपल्याला दिसतं, पण भुईमुगाचंही तेच. हिरवं झाड एका दिवसात मान टाकतं आणि उपटलं तर हातात मूळच येत नाही. हुमणीपुढे भरवशाचा ठरेल असा भुईमुगाचा वाण आज शेतकऱ्याच्या हातात नाही. तिथे गावानं मिळून, पहिल्या वळवानंतर झाडं हलवून, दिव्याखाली भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणं, हाच जुना उपाय आजही कामाचा. वाण सगळं करील ही आशा आपण बाळगू नये, आणि वाण काहीच करत नाही असंही म्हणू नये.

आता महाराष्ट्रातल्या वाणांकडे येऊ. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'स्पॅनिश इम्प्रूव्हड'वर क्ष-किरण सोडून नवे वाण काढण्याचं काम झालं. त्यातून 'टीजी' मालिका आली, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर 1991 साली 'टीएजी-24', उन्हाळी भुईमुगाचा लाडका वाण. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रानं तैवानहून आलेल्या बियाण्यातून निवड करून 1970 च्या दशकाच्या अखेरीस 'जेएल-24' म्हणजे 'फुले प्रगती' दिला. आपल्या शेजारी, सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या केंद्रातून 'केडीजी' मालिका निघाली. त्यातल्या एकाचं नाव 'फुले वारणा' आहे, आपल्या नदीवरून ठेवलेलं.

यातल्या 'जेएल-24' ची पुढची गोष्ट ऐका. लवकर येणारा, भरपूर देणारा, म्हणून हा वाण आफ्रिकेत गेला. मलावी देशात तो 'काकोमा' या नावानं प्रसारित झाला. आपल्या जळगावचा वाण पूर्व आफ्रिकेत, ही अभिमानाचीच गोष्ट. पण आफ्रिकेत भुईमुगाला 'रोझेट' नावाचा विषाणू रोग आहे, आपल्याकडे तो नाही. 1994-95 च्या हंगामात मलावी आणि झांबियात त्यानं हाहाकार केला होता. तो पसरवतो मावा, तोच काळा मावा जो आपल्या चवळीवर आणि भुईमुगावर असतो. 'जेएल-24' या रोगाला सहज बळी पडतो. त्याची पारख जळगावात झाली होती. जो रोग इथे नाहीच त्याचा रकाना तक्त्यात कुठून असणार?

आणि याला उतारा कुठून मिळाला? तोही भारतातूनच. 1988 साली दक्षिण भारतातल्या एका शेतकऱ्याकडून गावठी भुईमुगाचा एक नमुना इक्रिसॅटच्या संग्रहात गेला होता. क्रमांक पडला 12991. पुढे आफ्रिकेत तपासताना दिसलं की या वाणावर मावा वाढतच नाही. रोगाच्या विषाणूला तो दाद देतो, पण विषाणू आणणारा मावाच टिकत नाही म्हणून शेतात तो रोगापासून बचावतो. 2001 साली मलावीत तो 'बाका' या नावानं शेतकऱ्यांना दिला गेला.

ज्या शेतकऱ्यानं ते मूठभर दाणे दिले, त्याला रोझेट रोग माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ते घरचं बी होतं, एवढंच. त्यातला तो गुण कोणत्याही बाजारात विकला गेला नसता, कोणत्याही तक्त्यात उठून दिसला नसता. तो टिकला, कारण बी टिकलं होतं.

म्हणून शेवटी आपल्या जिल्ह्याकडे पाहू या. पाणी आलं तिथे ऊस आला, कोरडवाहूत सोयाबीन आलं. दोन्हींना कारणं आहेत आणि शेतकऱ्याला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. शेंगा वेचायला मजूर मिळत नाहीत, रानडुकरं पीक ठेवत नाहीत. पण भुईमूग शिवारातून हटतो तेव्हा त्याच्याबरोबर शेंगेतच राखलेलं घरचं बी जातं. पूर्वी बियाण्याच्या शेंगा फोडत नसत; टरफल हेच साठवणीतल्या किडीविरुद्धचं पहिलं कवच. त्या शेंगा कणगीत, डब्यात, माळ्यावर असत. आता तिथे काही नसतं. पसऱ्या गावठी वाण कोणाच्या परड्यात अजून असतील, तर ते मोजक्याच घरांत.

सव्वाशे वर्षांत आपण तीन वेळा या प्रश्नाला सामोरे गेलो. एकदा बी बदललं, एकदा पावडर मारली, आणि तिसऱ्यांदा खऱ्या अर्थानं शोध घेतला. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं, ते जपून ठेवलेल्या, कमी उत्पादनाच्या, दुर्लक्षित नमुन्यांतून. पहिल्या दोन वेळी असले नमुने फेकून देण्यात आपलाही हात होता.

इथे शेतकरी बसलेत, विद्यार्थी बसलेत. शेतकऱ्यांना विनंती, घरात किंवा भावकीत जुनं बी असेल तर त्यातलं शेरभर संशोधन केंद्रावर पोचवा आणि कोणत्या साली त्याला कोणती कीड लागली नाही, हे आठवेल तेवढं लिहून द्या. विद्यार्थ्यांना विनंती, तुमच्या प्रबंधातला तो शेवटचा रकाना नुसत्या शेऱ्यावर सोडू नका. सकाळी लवकर उठून पानं उलटी करून मोजावं लागतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत कोणीतरी तो तक्ता उघडेल, तेव्हा त्याला तिथे आकडा मिळाला पाहिजे.